झोपेच्या कंपनीचा प्रतिनिधी

आमच्या दारावर आता दोन पाट्या आहेत. वरची जुनी, लाकडी. तिच्यावर 'जयवंत बाळकृष्ण मेस्त्री' असं कोरलंय. हे नाव मी पाटीवरून उतरवून काढलंय, घेतलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, रुपालीच्या बारशाला बायकांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलं, तेवढं पुरे झालं. सासऱ्यांचं नाव बाळकृष्ण, म्हणून आमच्या सासूबाई गोकुळाष्टमीला पाळण्यातल्या देवालासुद्धा 'तो आपला बारका' म्हणायच्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेली बाई आहे मी.

खालची पाटी नवी, स्टीलची. तिच्यावर हॉलंडच्या एका कंपनीचं नाव आहे, जे आमच्या खानविलकर चाळीत अजून कोणाला धड उच्चारता आलेलं नाही. त्याखाली लिहिलंय, 'भारतातील प्रतिनिधी, वैयक्तिक माहिती संरक्षण'. ही पाटी आल्यापासून माझ्या संसाराची जी दशा झाली ती सांगायची आहे.

आमची रुपाली लोअर परळला एका काचेच्या इमारतीत कामाला आहे. तिचे आजोबा त्याच जागेवरच्या गिरणीत साचे चालवायचे. रुपालीचं ऑफिस परदेशी कंपन्यांना इथले प्रतिनिधी नेमून देतं. म्हणजे कंपनी बसलीय हॉलंडला आणि तिचं ॲप आहे आपल्या मोबाईलमध्ये. आता माहितीचा कायदा आलाय. तर उद्या काळाचौकीच्या एखाद्या माणसाला विचारायचं असलं, की बाबांनो माझं काय काय घेऊन ठेवलंय ते दाखवा, किंवा ते पुसून टाका, तर त्याने कोणाकडे जायचं? हॉलंडला? म्हणून इथे एक माणूस हवा. कायद्यात अगदी असंच लिहिलंय की नाही ते मला ठाऊक नाही, पण हॉलंडच्या वकिलाने धास्ती घेतली होती. त्याला पत्ता असलेला, घरी सापडणारा, मराठी-हिंदी-इंग्रजी जाणणारा माणूस पाहिजे होता. रुपालीने स्वतःच्या बापाचं नाव सुचवलं.

आमचे हे फोर्टात सॉलिसिटरच्या ऑफिसातून रिटायर झालेले. इंग्रजी चांगलं, अक्षर चांगलं, घरी तर सदा सापडतात. सगळं जुळलं. फक्त एक गोष्ट कोणी विचारली नाही आणि मुलीने सांगितली नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी अतिशयोक्ती करत नाही. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या देखाव्याचा विषय कार्यकर्त्यांनी जिवापाड जपला होता, मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री लावली होती. ह्यांनी तो लालबागच्या नाक्यावर, चहा पिताना, दुसऱ्याच मंडळाच्या खजिनदाराला सांगितला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गंगाधर भाऊजी आमच्याच शेजारच्या खोलीत राहतात. त्यांनी दिवाळीपर्यंत ह्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे, तिकडे शिंकलं तर इकडून 'शतायुषी' म्हणावं लागतं. अशा ठिकाणी अबोला धरणं किती कठीण, पण त्यांनी धरला.

पाटी लावायला रुपाली स्वतः आली. खिळा ठोकून झाल्यावर तिने बापाला खुर्चीत बसवलं.

"बाबा, सीरियसली सांगते. जो कोणी येऊन जे सांगेल ते तुमच्यात आणि कंपनीत. तिसऱ्याच्या कानावर नाही."

"तुझ्या आईच्या?"

"आई तिसरीच, बाबा."

मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. सुरी हातात होती म्हणून गप्प बसले, नाहीतर बोलले असते. ज्या बाईने हिला नऊ महिने पोटात ठेवलं, ती आता तिसरी!

पहिले काही दिवस मजेत गेले. पाटी वाचून तळमजल्यावरचा विकास पासपोर्ट घेऊन आला. त्याला हॉलंडचा व्हिसा पाहिजे होता, आणि मिळत असेल तर मेव्हण्याचाही. ती कंपनी झोपेचं ॲप बनवते, रात्री उशाशी मोबाईल ठेवला की माणूस किती घोरला, किती बोलला, किती तळमळला त्याची नोंद करते, हे कळल्यावर तिसऱ्या माळ्यावरचे आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "मला बारा महिने झोप नाही. तुझी कंपनी काय करणार, बोल." मासे घेऊन येणाऱ्या राधाबाईंनी पाटी टोपलीच्या आडून नीट निरखली.

"काय रे दादा, तुझी गोरी मानसं सुके बोंबील खातान का? खात असतील तं सांग, धाडू."

हे प्रत्येकाला बसवून घ्यायचे, समजावून सांगायचे. मग संध्याकाळी चहाच्या वेळी ते सगळं मला नकलांसकट ऐकायला मिळायचं. हा आमचा लग्नापासूनचा रिवाज. दिवसभरात ऑफिसात, नाक्यावर, जिन्यात जे घडलं ते चहाच्या कपाबरोबर माझ्यापुढे ओतायचं. मी ऐकताना भाजी निवडते, मध्येच 'पुरे झालं हो तुमचं' म्हणते आणि ते पुढे चालू ठेवतात. मला वाटायचं मी सहन करतेय.

मग एका गुरुवारी, दुपारी, गंगाधर भाऊजी आले. देखाव्याच्या भानगडीनंतर पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडला. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"जयवंत, तू प्रतिनिधी ना? मला तक्रार द्यायची आहे. प्रायव्हेट."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"तू जरा गॅलरीत बस गो," हे म्हणाले. मी बाहेर आले, आणि माझ्या पाठीमागे ह्यांनी दार लावलं.

चाळीत न राहिलेल्यांना ह्यातलं गांभीर्य कळणार नाही. आमच्या चाळीत दिवसा दार लागतं ते फक्त गावी जाताना. नाहीतर सकाळी उघडलं की रात्री झोपेपर्यंत उघडं, मध्ये फार तर पडदा. दिवसा आतून कडी म्हणजे घरात काहीतरी भयंकर आहे. कडीचा आवाज झाला आणि गॅलरीतल्या सगळ्या पडद्यांतून एकेक डोकं बाहेर आलं. मी आपल्याच दाराबाहेर स्टुलावर, हातात लसणाची पाकळी.

"काय झालं काकी?" समोरची दर्शना पळत आली.

"काही नाही. कंपनीचं काम."

"काकांना बरं नाही का?"

"बरे आहेत."

"मग दार कशाला लावलंय?"

मला उत्तर माहीत नव्हतं, हीच खरी शोभा. चाळीत माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नाही, असा दिवस कधी उजाडला नव्हता.

भाऊजी तोंड पाडून बाहेर आले आणि खाली बघत निघून गेले. संध्याकाळी चहा ठेवला. भाजी घेऊन बसले. ह्यांनी चहा प्यायला, कप विसळला, आणि पेपर उघडला. सकाळीच वाचून झालेला पेपर.

"काय म्हणत होते भाऊजी?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे काय ता तरी सांगा!"

"अगो, सांगूक येना नाय. कंपनीचा हा."

मला वाटलं, चार दिवस दम धरतील, मग स्वतःच फुटतील. तसं झालं नाही. उलट एक बंद करताना सगळ्याच बाटल्यांना बूच बसलं. गुपित सुटेल म्हणून ह्यांनी बोलणंच सोडलं. नाक्यावर कोण भेटलं, ते नाही. पाणी का आलं नाही, ते नाही. विचारलं तर हं, नाही विचारलं तर तेही नाही. भाऊजी पुन्हा आले, पुन्हा दार लागलं, पुन्हा मी स्टुलावर. तोवर चाळीत तीन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, भाऊजी खोली विकून मुलाकडे पुण्याला चालले. दुसऱ्याचं, मंडळाच्या हिशोबात घोटाळा झालाय. तिसरा तट मला बघून गप्प व्हायचा, म्हणजे त्यांचं म्हणणं आमच्याबद्दल होतं.

मी माझे उपाय केले. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं, सोलकढी केली. दुसरा भात वाढताना अगदी मऊ आवाजात म्हटलं, "भाऊजींका काय त्रास हा काय?" हे विरघळले. मला दिसलं विरघळताना. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणीच आलं होतं. आणि मग त्या उघड्या तोंडात एवढा मोठा घास कोंबला की ठसका लागला. पाठीवर थापटत मी मनात म्हटलं, मेल्या झोपेच्या कंपनीचं वाटोळं होवो.

मी डिलाईल रोडला रुपालीकडे गेले. तिनेही काही सांगितलं नाही. "आई, बाबा एकदम करेक्ट करतायत, आय ॲम सो प्राउड," म्हणाली. मी म्हटलं, तुझा प्राउड तुझ्याकडे ठेव, मला माझा नवरा परत पाहिजे. ती हसली. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ह्या माणसाची बडबड बंद पडलेली मी कधी पाहिलीच नव्हती. संध्याकाळी भाजी निवडताना घरात फक्त शेंगा मोडल्याचा आवाज यायचा. एवढ्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं, की आमची खोली इतकी मोठी आहे.

शेवटी मी मांडवाच्या जागेवर जाऊन भाऊजींनाच गाठलं. "काय झालंय ते आजच्या आज सांगा. ह्यांना काही आजार आहे का?"

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. आरतीला माईक नको असा आवाज त्या माणसाचा, पण आता कुजबुजले. "वहिनी, जयवंत ठणठणीत आहे. पण मी सांगितलं तर बरं दिसणार नाही. आज हॉलंडचं उत्तर आलंय. तोच सांगेल."

घरी आले तर हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. रिटायर झाल्याच्या समारंभाला घातलेला. खोलीच्या मध्यभागी खुर्ची ठेवली होती.

"बसा," हे म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. पाठीमागे कोणी नव्हतं. 'बसा' मलाच होतं. मी बसले. ह्यांनी दार लावलं, कडी घातली. बाहेर सगळ्या पडद्यांच्या कड्या सरकल्याचा आवाज झाला.

"मी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बोलतोय," हे घसा खाकरून म्हणाले. "आपल्याला कळवायचं आहे, की कंपनीकडे आपली काही वैयक्तिक माहिती आहे. ती आपल्या परवानगीशिवाय घेतली गेली. त्याबद्दल कंपनी दिलगीर आहे."

"माझी माहिती? माझ्या मोबाईलमध्ये तर नीट फोनसुद्धा लागत नाही!"

"आपल्या मोबाईलमधून नाही. श्री. गंगाधर यांच्या."

मग ह्यांनी सगळं सांगितलं, आपण-आपण करत. पुण्याच्या सुशांतने बापाच्या घोरण्याच्या काळजीने ते ॲप भाऊजींच्या मोबाईलमध्ये घालून दिलं होतं. भाऊजी मोबाईल उशाशी ठेवायचे. उशी लाकडी भिंतीला टेकलेली. भिंतीच्या अलीकडे माझी उशी. ॲपने भाऊजींचं घोरणं टिपलं आणि त्याबरोबर रोज एका बाईचा आवाजही टिपला. मग हॉलंडच्या मशीनने आपलं डोकं चालवलं आणि भाऊजींच्या नावापुढे नोंद केली, 'शेजारी झोपणारी जोडीदार: स्त्री. झोप: अस्वस्थ.' ही नोंद पुण्याला सुशांतच्या मोबाईलवरही गेली. त्याने बापाला फोन करून विचारलं, "बाबा, रात्री घरी कोण असतं?"

विधुर माणूस, मंडळाचा अध्यक्ष. त्या फोनच्या वेळीच दाढी करत होते, हनुवटी तेव्हाच कापली.

"म्हणजे," मी उठले, "त्या हॉलंडात मी गंगाधर भाऊजींची बायको?"

"होतात. ती नोंद आता काढली आहे. सुशांतलाही तसं कळवलं आहे. आपण बसा."

"आणि हे तुम्ही महिनाभर पोटात ठेवलंत? बायको दुसऱ्याच्या नावावर चढवलेली असताना?"

"तक्रारदाराची अट होती, की आपल्या कानावर जाऊ नये. आपण लाजाल म्हणून. पण कंपनीचं म्हणणं पडलं, आवाज तक्रारदाराचा नाही, आपला आहे. तेव्हा पुसण्याआधी आपल्याला सांगून आपली इच्छा विचारली पाहिजे. आपण आधी ऐकणार का?"

"मी झोपेत बोलत नाही," मी ठासून सांगितलं.

ह्यांनी मोबाईलवर बोट ठेवलं. आधी भाऊजींचं घोरणं आलं, लाकूड कापल्यासारखं. मग माझा आवाज, स्वच्छ, खणखणीत, दोन्ही हात कमरेवर असल्यासारखा.

"गप रव रे जयवंता!"

मी पदर तोंडाला लावला. ह्यांनी दुसरं लावलं. "जयवंता, किती बोलशील रे, गप रव!" मग आणखी एक, तसंच. उखाण्यापलीकडे जन्मात जे नाव घेतलं नाही ते मी अरे-तुरे करून, रे लावून, भिंतीपलीकडे पोचेल अशा आवाजात घेत होते. सासूबाई वर कुठे असतील तिथे त्यांनी कपाळावर हात मारला असेल. कंपनीने भाऊजींना लिहून विचारलं होतं, की जयवंता हे तुमचं घरातलं नाव आहे का.

"हे कधीपासून?" मी पदरातूनच विचारलं.

"लग्नापासून," हे म्हणाले, आणि प्रतिनिधी कुठेतरी गेला, आवाज आमच्या ह्यांचा झाला. "पैल्या महिन्यापासून."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तू बोलूची बंद झाली असतंस. दिवसभर अहो. माझा नाव काय ता तुझ्या झोपेतच ऐकूक गावता."

ह्या माणसाने जगाची गुपितं नाक्यावर वाटली, देखावे फोडले, सोयरिकी मोडता मोडता राहिल्या. आणि हे एवढं एक, लग्नापासून, तोंडात धरून बसला होता. मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, दार तर लागलेलंच होतं.

"अजून एक आहे," हे म्हणाले. "ह्या महिन्यातलं. गंगाधरला ॲप बंद करता येत नव्हतं. ऐकणार?"

मी मान हलवली. घोरणं आलं. मग बराच वेळ काही नाही. मग मी, पण वेगळीच, बारीक आवाजात, गावच्या पोरीसारखी.

"जयवंता. कायतरी बोल रे."

ह्यांनी मोबाईल खाली ठेवला. शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "रोज रात्री म्हणतंस. मी जागा असतंय. पण काय बोलू? एकदा तोंड उघडला तर सगळाच भायर येतला."

मग ह्यांनी घसा खाकरला. कर्तव्य राहिलं होतं.

"तर आपली काय इच्छा? कंपनीने पुसून टाकायचं?"

"सगळं पुसा," मी म्हटलं. "हॉलंडवाल्यांका काय करायचो हा माझो आवाज. ज्याका पाहिजे त्याच्याकडे हा."

मी डोळे पुसले आणि कडी काढली. गॅलरी भरली होती. दर्शना, विकास, वरचे आजोबा, टोपली डोक्यावर तशीच ठेवून राधाबाई, आणि पार मागे खांबाच्या आड गंगाधर भाऊजी, फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

"काय झालं काका?" विकासने विचारलं.

आमच्या ह्यांच्याकडे सगळी चाळ बघत होती. असा विषय, असा श्रोता, त्यांना जन्मात पुन्हा मिळणार नव्हता. ह्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"काय नाय," हे म्हणाले. "कंपनीचं काम."

खांबाआडून भाऊजींचा श्वास सुटलेला मला इथवर ऐकू आला. आणि मला काय झालं कोण जाणे. उंबऱ्यात उभी राहून, सासूबाईंना मनातल्या मनात नमस्कार करून, सगळ्या चाळीदेखत मी हाक मारली.

"जयवंता, चाय ठेवतंय. येतंस मा रे?"

मला वाटलं होतं गॅलरीत स्मशानशांतता पसरेल. कोणी दचकलंसुद्धा नाही. राधाबाईंनी टोपली सावरली.

"अगो बाय, आता जागेपनी पन चालू झाली का तू?"

आणि सगळी गॅलरी हसली. दर्शना, जी इथे सून म्हणून काल-परवा आली, तीसुद्धा. वरचे आजोबा म्हणाले, त्यांना उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यावर ऐकू येतं, आणि राधाबाईंना पहाटे जिन्यात. म्हणजे ह्यांनी एकट्याने नव्हे, सगळ्या चाळीने धरून ठेवलं होतं. ज्या चाळीत कोणाच्या डाळीत मीठ जास्त पडलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, तिथे एवढ्या वर्षांत एकाही मेल्याने माझ्या कानावर हे येऊ दिलं नाही. कुठे पाटी नव्हती, प्रतिनिधी नव्हता.

चहा ओतला. मी भाजी घेऊन बसले. हे समोर बसले आणि सुरू झाले. नाक्यावर कोण भेटलं, पाणी का आलं नव्हतं, विकासच्या मेव्हण्याचं काय झालं, महिनाभराचं सगळं तुंबलेलं. चहा गार झाला, दिवे लागले, तरी संपेना. मी एकदाही 'पुरे' म्हटलं नाही. रात्री झोपेत म्हणेनच की.